इंजिन बंद पडलं की छोटं विमान लगेच कोसळतं का?

फ्लाइटरडार२४ उघडून डोक्यावरून कोणतं विमान चाललंय ते बघायचा नाद तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असेल. मला तर आहेच. आमच्या खारेपाटणवरून जाणारी बहुतेक विमानं मोठी आणि खूप उंचावरची. पण समजा, एका इंजिनाचं छोटं विमान ३ हजार फुटांवरून इथून जातंय आणि इंजिन बंद पडलं. मग?

ते दगडासारखं खाली येत नाही. पायलटच्या ट्रेनिंगमध्ये वापरलं जाणारं दोन सीटचं सेसना १५२ घ्या. वारा नसेल तर इंजिनाशिवायही ते दर हजार फुटांना साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. म्हणजे ३ हजार फुटांवरून ८ किलोमीटर आणि हातात जेमतेम साडेचार मिनिटं. आता मॅप बघा. खारेपाटणहून चिपी विमानतळ सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर, रत्नागिरीही जवळपास तेवढंच. धावपट्टी विसरायची!

म्हणून पायलट सगळ्यात आधी वेग सांभाळतो. सेसना १५२ साठी हा वेग ६० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटर. जमीन जवळ यायला लागली की नाक वर ओढावंसं वाटतं, आणि खरा घात तिथेच होतो. वेग मरतो, पंखांवरची हवा नीट वाहत नाही, उचल जाते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडलेलं विमान उतरवता येतं, पण जमिनीजवळ स्टॉल झालेलं सावरायला उंचीच उरत नाही. टेक-ऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळू नका, समोरच उतरा, असं शिकवतात ते यासाठीच.

दुसरं काम जागा निवडायचं. आपल्याकडे हे अवघड आहे. वरून सडा सपाट दिसतो, पण तो कातळ. भाताचे कुणगे मऊ, पण मध्ये बांध. हायवेवर गाड्या, दुभाजक आणि खांब, शिवाय वरून न दिसणाऱ्या विजेच्या तारा. माझं मत विचाराल तर लांबट मळा बरा. बांधाला चाक अडकून विमान मोडलं तरी चालेल, आतला माणूस वाचला पाहिजे.

जागा ठरली की इंजिन परत सुरू करायचा प्रयत्न. इंधनाचा व्हॉल्व्ह, मिक्स्चर, इग्निशन आणि कार्ब्युरेटर हीट. शेवटचं ऐकून हसू येईल, पण कोकणातल्या दमट हवेत बाहेर २५ अंश असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, कारण आत पेट्रोलची वाफ होताना हवा एकदम थंड पडते.

रेडिओ त्यानंतर. तीनदा 'मेडे', आणि ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा कोड. ट्रॅकिंग अ‍ॅपवर तुम्हाला कधी ७७०० दिसतो, तो हाच. टेकण्याआधी इंधन आणि इग्निशन बंद, आणि दार थोडं उघडं, म्हणजे धक्क्याने चौकट वाकली तरी ते अडकत नाही.

आपल्या राज्यातलं उदाहरण आहे. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून उडालेलं सेसना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं. आत एकटी शिकाऊ पायलट होती. ती जखमी झाली, पण वाचली.

अशा वेळी शेतात सगळ्यात आधी पोचतात ते गाववालेच, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. व्हिडिओ राहू दे. आधी ११२ लावा, लोकेशन सांगा. विडी-सिगारेट लांब ठेवा, कारण इंधन पंखांमधल्या टाक्यांत असतं. पुढचा पंखा थांबलेला असला तरी त्याला हात लावू नका, इग्निशन चालू राहिलं असेल तर तो अचानक फिरू शकतो. आतल्या माणसाकडे जायचं तर मागच्या बाजूने जा.