निस्सानची सावड

आमच्या लोहाऱ्यात आबांचा एक जुना टेम्पो होता. कॅबस्टार हे त्याचं खरं नाव, पण गावात सगळे त्याला ‘निस्सान’च म्हणत. उमरग्याला हायवेला लागून हैदराबादकडे निघालं की वाटेत झहीराबाद लागतं. तिथे ऑल्विन-निस्सान ही कंपनी हा टेम्पो बनवायची. १९८० च्या दशकात जपानी कंपन्या हलक्या मालवाहू गाड्यांसाठी भारतीय भागीदार घेऊन आल्या. डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी आणि आपली ऑल्विन-निस्सान. पुढे ऑल्विन-निस्सान महिंद्राने ताब्यात घेतली. नाव गेलं, झहीराबादला महिंद्राचा कारखाना मात्र आजही आहे.

हे सगळं आठवायचं कारण माझा मावसभाऊ. तो एका व्हेंडरकडे सीएनसी ऑपरेटर होता. ज्या मॉडेलचे पार्ट ते बनवायचे तेच बंद झालं आणि कॉन्ट्रॅक्टवरची पोरं घरी आली. दिवाळीत त्याने मला विचारलं, “तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, एवढ्या मोठ्या कंपन्या एकत्र येतात कशाला, अन् मोडतात कशाला?” तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आपल्याकडे सावड असते. एक बैल तुझा, एक माझा; आज तुझं रान, उद्या माझं. शेत मात्र ज्याचं त्याचं. कंपन्यांची ‘अलायन्स’ म्हणजे साधारण हेच. ‘मर्जर’ म्हणजे सातबाराच एक करणे.

१९९९ साली निस्सान कर्जात बुडाली होती. फ्रान्सच्या रेनॉने ३६.८ टक्के शेअर घेऊन पैसा ओतला आणि कार्लोस घोन यांना जपानला पाठवलं. त्यांनी ऑक्टोबरमध्ये ‘निस्सान रिव्हायव्हल प्लॅन’ मांडला. पाच कारखाने बंद, २१,००० नोकऱ्या कमी, तीन वर्षांत खरेदीखर्चात २० टक्के कपात. जपानमध्ये पुरवठादारांचे शेअर धरून ठेवायची जुनी रीत होती, तीही मोडली. त्या आर्थिक वर्षात सुमारे ६८,४०० कोटी येन तोटा होता. पुढच्याच वर्षी सुमारे ३३,१०० कोटी नफा झाला.

यात खरी गंमत प्लॅटफॉर्मची. नवी गाडी काढायची तर फ्लोअर, सस्पेन्शन, इंजिन माउंटिंग, क्रॅश टेस्ट यांवर अमाप पैसा जातो. तो दोन कंपन्यांत वाटला तर प्रत्येक गाडीमागचा खर्च उतरतो. आपल्याकडची डस्टर (२०१२) आणि टेरानो (२०१३) समोरासमोर लावून बघा. ग्रिल वेगळी, हाडं तीच!

मग मोडतं कुठे? पहिलं कारण, वाटा समान नसणे. रेनॉकडे निस्सानचे ४३ टक्क्यांहून जास्त शेअर झाले होते, तर निस्सानकडे रेनॉचे १५ टक्के, तेही मतदानाच्या हक्काशिवाय. पुढे निस्सान मोठी झाली, गाड्या जास्त विकू लागली, पण हुकूम पॅरिसचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये घोन यांना टोकियोत अटक झाली आणि साचलेला अविश्वास उघड झाला. २०२३ साली दोघांचे मतदानाचे हक्क १५-१५ टक्क्यांवर आणले, पण तोवर मनं विटली होती.

दुसरं कारण, ज्याला जे हवं ते मिळालं की गरज संपते. नाशिकचंच बघा. महिंद्रा आणि रेनॉ यांनी ५१:४९ भागीदारीत २००७ साली लोगान आणली. २०१० मध्ये रेनॉ बाहेर पडली. महिंद्राने तीच गाडी पुढे व्हेरिटो नावाने विकली. एकाला सेडान मिळाली, दुसऱ्याला भारताची ओळख.

आणि निस्सान पुन्हा तिथेच आली. २०२४-२५ मध्ये तोटा ६७,०९० कोटी येन. डिसेंबर २०२४ मध्ये होंडाशी एकत्र येण्याची बोलणी सुरू झाली. होंडा म्हणाली, आमची उपकंपनी व्हा. निस्सानला ते पटलं नाही, १३ फेब्रुवारी २०२५ ला बोलणी फिसकटली. मे २०२५ मध्ये नवे प्रमुख इव्हान एस्पिनोसा यांनी २०,००० नोकऱ्या कमी करण्याचा आणि कारखाने १७ वरून १० वर आणण्याचा बेत जाहीर केला. चेन्नईजवळच्या ओरगडम कारखान्यातला निस्सानचा हिस्साही त्याच वर्षी रेनॉने घेतला.

म्हणजे औषध तेच, २६ वर्षांनी. मला वाटतं, खर्च कापून कंपनी जगते, पण चालते ती लोकांना हव्या असलेल्या गाडीवर. उसन्या बैलाने नांगरट होते; काय पेरायचं ते आपणच ठरवावं लागतं.

हे सगळं मी मावसभावाला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सगळं खरं. पण सावड मोडली की पहिलं उपाशी कोण ऱ्हातंय? बैलच की!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्लेसमेंटचा सीझन येतोय. कंपनीचं पॅकेज विचाराल तेव्हा तिचे भागीदार कोण आणि त्यांचं पटतं का, हेही विचारा. आणि उद्या केबिनमध्ये बसून ‘कॉस्ट रिडक्शन’ची शीट भरायची वेळ आली, तर त्या आकड्यात कुणाचा तरी मावसभाऊ आहे एवढं ध्यानात असू द्या.