रंग करणारा आणि रंगविणारा

एखादें चित्र आवडलें कीं आपण चित्रकाराचें नांव विचारतों. त्यांतला रंग कोणीं केला, असें कोणी विचारीत नाहीं. सतार ऐकतांना मिरजेच्या कारागिराची आठवण क्वचितच होते, त्यांतलाच हा प्रकार. अशाच एका पडद्याआडच्या कारागिराची, सॅम गोल्डन यांची, आणि त्यांच्या नांवानें चालणाऱ्या ॲक्रिलिक रंगांच्या कारखान्याची हकीकत मी आज सांगणार आहें.

प्रथम रंग म्हणजे काय तें पाहूं. कोणत्याही रंगांत दोन पदार्थ मुख्य: एक रंगाची पूड आणि दुसरा ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ. जलरंगांत हें काम डिंक करतो. म्हणून तो रंग वाळल्यावरही ओल्या कुंचल्यानें पुन्हा सुटतो. तैलरंगांत तें जवसाचें तेल करतें. तेल हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू घट्ट होतें; त्याला कित्येक दिवस लागतात, आणि वर्षें लोटल्यावर तें पिवळट व ठिसूळ होतें. शिवाय कोऱ्या कापडांत तें मुरलें तर कापड कालांतरानें जीर्ण होतें. म्हणून चित्रकार कापडाला आधीं सरस व अस्तर देतात. ॲक्रिलिक ही मात्र रसायनशाळेंत जन्मलेली राळ. ती स्वच्छ, लवचिक आणि कापडाला निरुपद्रवी.

गोल्डन यांचा जन्म १९१५ सालचा. १९३६ सालीं ते न्यूयॉर्क शहरांत लेनर्ड बोकूर या आपल्या वडीलधाऱ्या नातलगाच्या रंगाच्या धंद्यांत शिरले. तेथें तैलरंग हातानें घोटले जात, आणि चित्रकार मंडळींचा तो गप्पांचा अड्डाच होता. १९४७ च्या सुमारास तेथून 'मॅग्ना' हा रंग बाहेर पडला. खास चित्रकारांसाठीं केलेल्या ॲक्रिलिक रंगांत हा पहिला गणला जातो. त्यांतील राळ टर्पेंटाइनसारख्या द्रवानें पातळ होई.

या रंगानें काय साधलें, तें वॉशिंग्टनच्या मॉरिस लुईस यांच्या चित्रांत दिसतें. ते अस्तर न दिलेल्या कापडावर पातळ रंग ओतीत व तो वाहूं देत. साडीला रंग चढावा तसा तो धाग्यांत मुरे. तेलाच्या रंगांत ही गोष्ट धोक्याची ठरली असती. परंतु ट्यूबमधील मॅग्ना लुईस यांच्या कामाला फार दाट होता. म्हणून १९६० सालीं गोल्डन यांनीं त्यांच्याकरितां काकवीसारखा वाहता मॅग्ना मुद्दाम बनवून दिला. एका गिऱ्हाइकाच्या गरजेपायीं मालाची कृति बदलणें हें व्यापाराच्या हिशेबांत बसत नाहीं. कारागिराच्या मात्र बसतें.

मॅग्नाला दोष होताच. वरच्या थरांतील द्रव खालचा वाळलेला थर विरघळवी. यावर उपाय पाण्याचा निघाला. १९५५ सालीं सिनसिनाटी येथील हेन्री लेव्हिसन यांनीं 'लिक्विटेक्स' हा पाण्यानें पातळ होणारा ॲक्रिलिक रंग विक्रीस आणला. त्यांत राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत असतात, आणि द्रव सुताराच्या पांढऱ्या डिंकासारखा दुधाळ दिसतो. पाणी उडून गेलें कीं कण जवळ येऊन एकमेकांत मिसळतात व पारदर्शक पापुद्रा बनतो. मग त्यावर पाण्याचें कांहीं चालत नाहीं. दुधाळपणा गेल्यामुळें रंग वाळल्यावर किंचित् गडद दिसतो. नवशिक्यानें हें ध्यानांत ठेवावें.

पुढें गोल्डन निवृत्त होऊन न्यूयॉर्क राज्यांतील न्यू बर्लिन या लहान गांवीं राहिले. पण स्वस्थ बसवेना. १९८० सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, पत्नी अडेल, मुलगा मार्क व सून बार्बरा यांना घेऊन त्यांनीं ९०० चौरस फुटांच्या एका जुन्या गोठ्यांत नवा कारखाना मांडला. भांडवल बेताचें, परंतु चित्रकाराचें म्हणणें ऐकण्याची जुनी संवय हीच खरी पुंजी. कोणाला लोण्यासारखा घट्ट रंग हवा, कोणाला पाण्यासारखा पातळ पण तितकाच तेजस्वी. मागणीप्रमाणें माल बनूं लागला, आणि एकाकरितां केलेली वस्तु पुढें सर्वांच्या उपयोगी पडली. १९९७ सालीं सॅम गोल्डन वारले. २००२ सालीं कामगारांना मालकींत वांटा देण्याची योजना सुरू झाली, आणि २०१० सालीं निम्म्याहून अधिक मालकी त्यांच्याकडे आली.

आपल्या घरींही आज मुलांच्या हातीं कोणत्या तरी कारखान्याचे ॲक्रिलिक रंग असतील. तेव्हां दोन गोष्टी सांगून ठेवतों. कुंचला लगेच धुवावा. रंग एकदां वाळला कीं तो निकामी झाला म्हणून समजा. आणि चित्रें समोरासमोर दाबून ठेवूं नयेत. हा पापुद्रा उष्णतेनें मऊ पडतो. मुंबईच्या उन्हाळ्यांत दोन चित्रें एकमेकांस चिकटावयास वेळ लागत नाहीं, आणि धूळही त्यावर बसून राहते. उलट ९ अंश सेंटिग्रेडहून अधिक थंडींत तो नीट जमतच नाहीं.

तैलरंगाची परीक्षा पांच शतकांच्या काळानें घेतली आहे. ॲक्रिलिकला अजून एक शतकही झालें नाहीं. लुईस यांचें आयुष्य १९६२ सालींच संपलें. त्यांनीं कापडावर सोडलेले ते प्रवाह टिकले तर त्यांचें श्रेय त्यांच्याइतकेंच त्या वाहत्या रंगाच्या कर्त्यालाही द्यावें लागेल. चित्राखालीं सही मात्र एकाचीच असते.