विजेच्या वाद्याला खुंट्या

तंबोरा जुळवीत बसलेला गवई आपल्या हाताकडे क्वचितच पाहतो. खुंटी पिळून तार जवळपास आणावयाची, मणी सरकवून ती नेमकी सुरांत बसवावयाची आणि घोडीवरील दोरा किंचित् मागेंपुढें करून जवारी खुलवावयाची, हीं तिन्ही कामें हात करीत असतो. निवाडा मात्र कान देत असतो. हात हलतांच सूर बदलतो, सूर बदलतांच कान कौल देतो आणि तो कौल मानून हात पुन्हां हलतो. परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं संत जनाबाईंचें गंगाखेड आहे. तेथें कीर्तनापूर्वीं पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापणारा मृदंगीही दुसरें कांहीं करीत नाहीं. थोडी कणीक लावावी, थाप मारून ऐकावें, पुन्हां थोडी लावावी. हात आणि कान यांचें हें नातें सर्व वाद्यसंगीताच्या मुळाशीं आहे. विजेवर चालणाऱ्या कांहीं वाद्यांनीं तें मध्यंतरीं तोडलें. तें पुन्हां कसें जोडतां येतें, हा येथील विषय होय.

सिंथेसायझर म्हणजे स्वर घडविणारें यंत्र. पेटींत भात्याची हवा पितळी पात्याला कंप देते. सिंथेसायझरमध्यें हवेचें व पात्याचें काम विजेचें स्पंदन करतें. तें स्पंदन किती जलद असावें, त्याचा आकार कसा असावा, स्वर एकदम उमटावा कीं हळूहळू फुलावा, पट्टी सोडल्यावर तो लगेच मिटावा कीं रेंगाळावा, हें सर्व वादकास ठरवितां येतें. परभणीपासून सुमारें पांचशें किलोमीटरवर असलेल्या मुंबईंत हें यंत्र चित्रपटसंगीताच्या वाटेनें आलें. केरसी लॉर्ड हे तें प्रथम हाताळणाऱ्या वादकांपैकीं एक. पुढें १९८२ सालीं चरणजित सिंग यांनीं मुंबईंतच दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तींत रोलंड कंपनीचें ज्युपिटर-८ हें सिंथेसायझर, टीबी-३०३ हें खर्जाचें यंत्र आणि टीआर-८०८ हें तालयंत्र, अशीं तीन यंत्रें होतीं. त्या वेळीं तिची फारशी दखल घेतली गेली नाहीं. २०१० मध्यें ती पुन्हां निघाली, तेव्हां मात्र ती जगभर ऐकली गेली.

त्या ज्युपिटर-८ चा दर्शनी भाग पाहण्यासारखा आहे. त्यावर सरकत्या व फिरत्या बटणांच्या रांगाच रांगा आहेत आणि बहुतेक प्रत्येक बटणाला एकच काम नेमून दिलेलें आहे. स्वर बोथट वाटला तर अमुक दांडी वर सरकवावी, फार लांबला तर तमुक खालीं ओढावी. तंबोऱ्याच्या खुंटीशीं या दांड्यांचें नातें उघड आहे.

पुढच्याच वर्षीं चित्र पालटलें. १९८३ मध्यें जपानच्या यामाहा कंपनीनें डीएक्स-७ नांवाचें यंत्र बाजारांत आणलें आणि तें लाखाहून अधिक संख्येनें खपलें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन चाउनिंग यांनीं १९६७ सालीं शोधलेल्या आणि १९७३ सालीं निबंधरूपानें प्रसिद्ध केलेल्या एका तत्त्वावर तें उभें आहे. एका स्पंदनानें दुसऱ्या स्पंदनाला अतिशय वेगानें हेलकावे दिले, तर दुसऱ्या स्पंदनांतून पुष्कळ नवे उपस्वर निर्माण होतात, हें तें तत्त्व. डीएक्स-७ मध्यें अशीं सहा स्पंदनयंत्रें आहेत. त्यांना ऑपरेटर म्हणतात. कोणी कोणाला हेलकावे द्यावयाचे, याच्या बत्तीस रचना ठरलेल्या आहेत. एका स्वररंगाचें वर्णन पुरें करण्यास दीडशेंहून अधिक आंकडे लागतात.

आतां अडचण अशी कीं, या दीडशें आंकड्यांसाठीं यंत्रावर दीडशें बटणें नाहींत. बत्तीस चपटीं बटणें आहेत, त्यांतील एकेकावर दोनतीन कामें सोपविलेलीं आहेत आणि आंकडा बदलण्यासाठीं एकच सरकती दांडी व दोन लहान बटणें आहेत. पडदा दोन ओळींचा, ओळींत सोळा अक्षरें. एक आंकडा बदलावयाचा म्हणजे आधीं तो विभाग शोधावयाचा, मग ऑपरेटर निवडावयाचा, मग दांडी सरकवावयाची आणि मग ऐकावयाचें. तोंपर्यंत आधींचा स्वर कसा होता, हें कान विसरून गेलेला असतो! अनेक वादकांनीं म्हणूनच स्वर घडविण्याचा नाद सोडला आणि कारखान्यानें भरून दिलेल्या बत्तीस स्वरांवरच समाधान मानलें. पुढें रोलंड कंपनीनेंही आपल्या अल्फा जूनो या वाद्यावर एकच चक्री ठेवली. नॉबची पेटी हवी असल्यास पीजी-३०० या नांवानें ती निराळी विकत घ्यावी लागे. वाद्य एकीकडे आणि खुंट्या दुसरीकडे, असा हा प्रकार झाला.

सुदैवानें या अडचणीवरील उपायही १९८३ मध्येंच जन्मास आला. त्याचें नांव मिडी. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनीं एकमेकांशीं एकाच भाषेंत बोलावें, असा आग्रह अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी या दोघांनीं धरला. १९८३ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील वाद्यप्रदर्शनांत अमेरिकन प्रॉफेट-६०० आणि जपानी ज्युपिटर-६ हीं दोन यंत्रें एका केबलनें जोडून दाखविण्यांत आलीं. या कार्याबद्दल दोघांना २०१३ सालीं तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी: मिडीच्या तारेंतून आवाज जात नाहीं. जातात ते केवळ आंकडे. कोणती पट्टी दाबली, किती जोरानें दाबली, कोणतें बटण किती फिरविलें, एवढेंच ती सांगते. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० द्विमान अंकांचा असून एक आंकडा पाठविण्यास असे दहा अंक लागतात.

यावरून नॉबच्या पेटीचें, म्हणजे मिडी कंट्रोलरचें, काम समजतें. या पेटींतून स्वतःचा असा एकही स्वर निघत नाहीं. नॉब फिरला कीं ती एक संदेश पाठविते आणि दूरचें वाद्य तो संदेश पाळतें. साधा संदेश तीन आंकड्यांचा असतो व त्यांतील मूल्य ० पासून १२७ पर्यंत जातें. परंतु डीएक्स-७ च्या स्वररचनेचे आंकडे या साध्या संदेशांनीं बदलत नाहींत. त्यासाठीं प्रत्येक कंपनीला स्वतःची खास भाषा वापरण्याची मुभा मिडीनें ठेवलेली आहे. तिला सिस्टिम एक्सक्ल्युझिव्ह म्हणतात. असा संदेश २४० या आंकड्यानें उघडतो व २४७ नें मिटतो. दुसरा आंकडा कंपनीचा: रोलंडचा ६५, यामाहाचा ६७.

उदाहरणार्थ, डीएक्स-७ मधील दुसऱ्या ऑपरेटरची पातळी बदलावयाची आहे. संदेश असा: २४०, ६७, १६, ०, १००, मूल्य, २४७. यांतील १६ या आंकड्यांत ‘एक घटक बदल’ ही आज्ञा आणि पहिली वाहिनी या दोन गोष्टी सामावल्या आहेत. १०० हा त्या घटकाचा क्रमांक. आणि मूल्य ० ते ९९ यांच्या दरम्यान. सात आंकडे मिळून सत्तर अंक होतात आणि त्यांना जाण्यास सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकीं सव्वादोन भाग पुरतात. म्हणजे हात हलला आणि आज्ञा पोहोंचली, यांत कानाला जाणवेल असें अंतर राहत नाहीं. तुटलेलें नातें जोडलें जातें तें येथें.

कंट्रोलर घेतांना म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं त्याला हे लांब संदेश पाठवितां येतात काय? पुष्कळ स्वस्त पेट्या केवळ तीन आंकड्यांचे संदेश जाणतात. बेहरिंगर कंपनीचा बत्तीस फिरत्या बटणांचा बीसीआर-२००० लांब संदेश पाठवूं शकतो. त्याचें उत्पादन आतां थांबलें असलें तरी तो जुन्या बाजारांत आढळतो. दुसरा प्रश्न असा, कीं पेटीला पांच टांचण्यांचें गोल मिडी भोंक आहे काय? आजच्या अनेक पेट्यांना फक्त यूएसबी असतें. तिला जुन्या वाद्याशीं बोलावयास मध्यें संगणक किंवा दुभाषाचें काम करणारें एखादें लहान उपकरण लागतें.

जोडणी सोपी आहे. पेटीच्या ‘आउट’मधून निघालेली केबल वाद्याच्या ‘इन’मध्यें जावी, केबल पंधरा मीटरांहून लांब नसावी. वाद्याच्या मिडी विभागांत वाहिनी पहिली ठेवावी आणि ‘सिस इन्फो’ ही नोंद ‘अव्हेल’ अशी करावी. नाहींतर खास संदेशांकडे यंत्र लक्षच देत नाहीं. यानंतर एकेका नॉबला एकेक घटक नेमून द्यावा. मर्यादा काळजीपूर्वक घालाव्या: पातळी व वेग यांना ० ते ९९, रचनेला ० ते ३१, सूक्ष्म सूरभेदाला ० ते १४. सर्व दीडशें घटक पेटीवर आणण्याचा मोह मात्र टाळावा. पहिल्या महिन्यांत सहासात नॉब पुष्कळ झाले.

कोणते सहासात? रचना पांचवी घेतली कीं सहा ऑपरेटरांच्या तीन जोड्या होतात. पहिल्या जोडींत दुसरा ऑपरेटर पहिल्याला हेलकावे देतो. दुसऱ्याची पातळी शून्य असतां स्वर बांसरीच्या फुंकेसारखा साधा राहतो; ती चढवीत गेलें कीं त्याला धार येत जाते. त्याच दुसऱ्या ऑपरेटरची गति पहिल्याच्या चौदापट केली व पातळी बेताची ठेवली, तर स्वराच्या आरंभीं घंटेसारखी किणकिण उमटते. हा गतीचा घटक १०२ क्रमांकाचा. त्याच ऑपरेटरच्या उठण्याबसण्याचे वेग ८४ ते ८७ या क्रमांकांवर आहेत. एक हात पट्टीवर व दुसरा या नॉबांवर ठेवून अर्धा तास बसलें, म्हणजे पुस्तकांतील दहा पानें न सांगणारी गोष्ट कान सांगून जातो.

कांहीं अडचणी आधींच सांगून ठेवाव्या. नॉब वेडावांकडा भरभर फिरविल्यास संदेशांचा पूर लोटतो आणि चाळीस वर्षांपूर्वींचें यंत्र अडखळतें. हात सावकाश चालवावा. कांहीं बदल कानीं पडण्यास पट्टी पुन्हां दाबावी लागते. नवा स्वर निवडल्यावर त्याचे आंकडे पेटीला ठाऊक नसतात, म्हणून पहिल्याच स्पर्शांत स्वर एकदम उडी घेतो. शिवाय केलेले बदल तात्पुरत्या जागीं असतात. ते जतन न करतां दुसरा स्वर निवडला, तर तासाभराची मेहनत गेली असें समजावें.

आणि कंट्रोलर झाला तरी वाद्याजवळ जें मुळांत नाहीं, तें तो देऊं शकत नाहीं. मूळच्या डीएक्स-७ मध्यें सप्तकाच्या बारा सुरांतील एखादाच सूर निराळा उतरवितां येत नाहीं. ही सोय पुढच्या डीएक्स-७-दोन या यंत्रांत आली. आपल्याकडे हा वाद जुनाच आहे. याच बांधीव सुरांमुळें १९४० मध्यें आकाशवाणीनें पेटीला दार बंद केलें होतें आणि तें उघडूं लागण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. ज्यास दरबारीचा अतिकोमल गंधार हवा, त्यानें मूळ डीएक्स-७ कडून त्याची अपेक्षा करूं नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या यंत्राच्या बत्तीस स्वरांची स्मृति आंतील एका लहानशा बॅटरीवर टिकून असते आणि ती बॅटरी आंतल्या पट्टीवर डाकानें जोडलेली असते. ती संपली कीं स्वर पुसले जातात. त्यांत कोणी पदरचे तास घालून घडविलेले असले तरी यंत्राला त्याची क्षिति नाहीं. म्हणून नॉबला हात लावण्यापूर्वीं बत्तीसही स्वर संगणकांत उतरवून घ्यावे. सारा संच ४,१०४ आंकड्यांचा. मिडीच्या तारेंतून तो येण्यास सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. एवढ्या क्षणभराच्या आळसापायीं जुन्या वाद्यांतील कित्येकांची कमाई नाहींशी झालेली आहे.

परभणी, सेलू किंवा पूर्णा येथील एखाद्या वाद्यवृंदाच्या खोलींत असें एखादें वाद्य धूळ खात पडलेलें असेल, तर तें जुनें झालें म्हणून मोडींत काढण्याची घाई करूं नये. त्यांतील बत्तीस स्वर परक्या कारखान्यांत ठरलेले असतील. पण तेहेतिसावा कोणता असावा, हें ठरविण्याचा अधिकार वाजविणाऱ्याचा आहे. तो बजावण्यास एक केबल, मूठभर नॉब आणि रोज अर्धा तास जागा राहणारा कान पुरेसा आहे. गंगाखेडच्या मृदंग्याला त्याच्या कणकेच्या गोळ्यापासून जें मिळतें, तेंच या वादकाला त्या नॉबांपासून मिळूं शकतें: आपल्या हातानें लावलेला आपला सूर.