बंदुकीची पेटी : सुटी बरी की जडलेली?

मंडळी, जुने हत्यार हाती चांगले चालत असावे आणि तेवढ्यात बाजारात एखादी सुधारणा यावी, म्हणजे माणसापुढे पेच पडतो. मोट काढून विहिरीवर इंजिन बसवावे का? लाकडी नांगर टाकून लोखंडी घ्यावा का? सुधारणा चांगलीच असते, पण ती आपल्याला, आपल्या कामाला, आपल्या खिशाला लागू आहे का, हे पाहावे लागते. असाच एक पेच जगातल्या सैन्यांपुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा आला आहे. रायफलीतील काडतुसांची पेटी, जिला आपण मॅगझीन म्हणतो, ती बंदुकीला कायमची जडलेली असावी, की काढता-घालता येणारी सुटी असावी? प्रश्न दिसायला लहान आहे. पण त्याच्या उत्तरावर जवानाचा जीव आणि देशाचा पैसा दोन्ही अवलंबून असतात.

आधी पेटी म्हणजे काय ते पाहू. कोकणात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी ठासणीची बंदूक वापरत आले आहेत. तिच्यात दारू ठासायची, छरे घालायचे, एक बार काढायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रायफलीच्या पेटीत काडतुसे एकावर एक रचलेली असतात. त्यांच्या खाली स्प्रिंग असते. एक काडतूस उडाले की स्प्रिंग दुसरे वर ढकलते आणि बोल्ट ते नळीत सारतो. पेटी रिकामी झाली की ती भरायची कशी, येथे दोन पंथ होतात.

शिक्षकबंधूंना हे वर्गात सांगायचे असेल तर लेखणीचे उदाहरण घ्यावे. जुन्या फाउंटन पेनात आपण ड्रॉपरने शाई भरत होतो. पेन तेच, टाकीही तीच, बाहेरून फक्त शाई आत जाते. ही झाली जडलेली पेटी. बॉलपेनाची रिफिल संपली की ती काढून टाकतो आणि नवी घालतो. ही झाली सुटी पेटी. रिफिल बदलणे झटपट होते, हे खरे. पण गावातल्या दुकानात रिफिल मिळाली नाही तर पेन खिशाला शोभेपुरतेच उरते. शाईची बाटली मात्र तेव्हा कुठेही मिळत असे. आपला सगळा विषय या एका उदाहरणात आला, असे म्हटले तरी चालेल.

आता इतिहासाकडे वळू. १८८८ साली ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड ही रायफल घेतली. जेम्स पॅरिस ली यांनी योजलेली तिची पेटी सुटी होणारी होती. आरंभी तीत आठ काडतुसे मावत, पुढे दहा मावू लागली. म्हणजे सुटी पेटी ही काही आजकालची गोष्ट नव्हे. पण गंमत अशी, की ही पेटी हरवू नये म्हणून सुरुवातीला ती साखळीच्या कडीने बंदुकीलाच अडकवलेली असे! शिवाय पेटीतला साठा राखीव ठेवून शिपायाने एकेक काडतूस हातानेच घालावे, यासाठी पेटी बंद करणारी एक पट्टीही बसवली होती. सोय दिली, आणि ती वापरू नये याचीही व्यवस्था केली.

पुढे १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांशी युद्ध झाले. बोअरांजवळ जर्मन माउझर रायफली होत्या. त्यांची पेटी जडलेली होती. पण पाच काडतुसे धरणारी पत्र्याची एक पट्टी ते वरून बसवत आणि अंगठ्याने दाबत, की पाचही काडतुसे एका दमात आत. या पट्टीला चार्जर म्हणतात. इंग्रजांना त्यापासून धडा मिळाला. १९०३ च्या आखूड ली-एन्फिल्डमध्ये त्यांनी चार्जरची सोय केली. पेटी सुटी होणारीच राहिली, पण शिपाई ती काढीत असे ती बहुधा साफसफाईसाठी. भरणे होई ते वरूनच, पाच-पाचांच्या दोन चार्जरांनी. या रीतीने तयार झालेला शिपाई मिनिटाला १५ नेमके बार काढी. आपल्याकडे जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात, ती हीच बंदूक. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती कितीतरी वर्षे तयार होत होती.

आता तुम्ही विचाराल, पेटी सुटी असताना चार-पाच भरलेल्या पेट्या शिपायाजवळ का दिल्या नाहीत? कारणे साधी आहेत, पण वजनदार आहेत. पत्र्याची पट्टी स्वस्त, वापरून फेकून देता येते. पेटी महाग, आणि तिचे तोंड फार नाजूक. पेटीच्या वरच्या कडा किंचित वाकल्या तर काडतूस सरळ चढत नाही आणि बंदूक ऐन वेळी अडते. शिवाय ओझे पाहा. आजच्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाचे वजन सुमारे २४ ग्रॅम. शंभर काडतुसे पट्ट्यांतून नेली तर अडीच किलोच्या आसपास भार होतो. तीच वीस-वीसच्या पाच पोलादी पेट्यांतून नेली, तर दर पेटीमागे पाव किलो धरून सव्वा किलो लोखंड अधिक वाहावे लागते. डोंगर चढणाऱ्या जवानाला हा सव्वा किलो चांगलाच जाणवतो. आणखी एक गोष्ट. पेटी खाली लांब लोंबत असेल तर पालथे पडून नेम धरताना बंदूक वर उचलावी लागते, आणि बंदुकीबरोबर डोकेही वर येते.

अमेरिकेनेही असाच विचार केला. १९३६ साली त्यांनी जॉन गॅरंड यांची रायफल स्वीकारली. दर बाराला बोल्ट हाताने ओढण्याचे काम तीत उरले नाही. सुटलेल्या बाराच्या वायूनेच पुढचे काडतूस आपोआप चढे. पण पेटी मात्र जडलेली, आठ काडतुसांची. ती एका क्लिपसकट वरून भरायची, आणि शेवटच्या बाराबरोबर रिकामी क्लिप खणकन बाहेर पडे. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशा सुमारे ४० लाख रायफली तयार झाल्या. तिच्यात उणीव एवढीच, की तीन-चार बार झाल्यावर मधेच पेटी भरून घेणे जिकिरीचे होते, आणि आठ हा आकडा युद्धाच्या धुमश्चक्रीत थोडा पडे.

तेव्हा गॅरंडला सुटी पेटी लावावी, हा विचार पुढे आला. या एका प्रश्नाला दोन देशांनी दोन उत्तरे दिली, ती पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेत १९४४ पासून प्रयोग सुरू झाले आणि १९५७ साली वीस काडतुसांच्या सुट्या पेटीची एम-१४ ही नवी रायफल स्वीकारली गेली. वर्षे गेली तेरा, आणि १९६४ मध्ये तिचे उत्पादन थांबलेही, कारण तोवर हलक्या काडतुसाच्या एम-१६ ची चलती झाली होती. इटलीजवळ पैसा कमी होता. पण बेरेट्टा कारखान्यात गॅरंड तयार करण्याची यंत्रे आणि अनुभव होता. त्यांनी १९५९ मध्ये जुन्या गॅरंडचाच सांगाडा ठेवून तिला नवे काडतूस आणि वीसाची सुटी पेटी दिली. तिचे नाव बीएम-५९. शहाणपणाची गोष्ट अशी, की वरून पट्टीने भरण्याची जुनी सोयही त्यांनी ठेवली. सुट्या पेट्या संपल्या तरी बंदूक उपाशी राहू नये, हा हेतू. ही डागडुजी केलेली बंदूक इटलीच्या सैन्यात १९९० पर्यंत टिकली.

यावरून सुटी पेटी हीच सर्व दुखण्यांवर औषध, असे समजू नका. आपल्या देशाचाच अनुभव घ्या. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालयात आपले अनेक जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. समोर अनेक चिनी सैनिकांच्या हाती टाइप-५६ ही कार्बाइन होती. आता नीट ऐका. आपल्या बंदुकीत दहा काडतुसे, त्यांच्याही बंदुकीत दहा. आपली पेटी सुटी होणारी, त्यांची जडलेली, पट्टीने वरून भरायची. म्हणजे पेटीचाच हिशेब केला तर आपण मागे नव्हतो. फरक होता तो बोल्टाचा. आपल्या जवानाला दर बारामागे हाताने बोल्ट ओढावा लागे. त्यांची बंदूक स्वतःच भरली जाई. दुखणे एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी, असे झाले तर सुधारणेचा पैसा वाया जातो.

त्यानंतर आपण दोन वाटा धरल्या. एक, वीस काडतुसांच्या सुट्या पेटीची, आपोआप भरणारी एसएलआर ईशापुरात तयार होऊ लागली. दोन, त्याच कारखान्यात जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या धर्तीवर, पण एसएलआरचेच ७.६२ चे काडतूस घेणारी, बारा काडतुसांच्या पेटीची रायफल १९६० च्या दशकात निघाली. तिचा बोल्ट हातानेच ओढायचा. दारूगोळा एकच ठेवायचा आणि असलेली यंत्रे वापरायची, असा तो व्यवहारी मार्ग होता. आघाडीवरच्या गरजेला मात्र पहिली वाटच खरी होती.

हा हिशेब चुकला किंवा लांबणीवर पडला तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांजवळ तीस-तीस काडतुसांच्या सुट्या पेट्या लावलेल्या एके रायफली होत्या. त्यांना तोंड देणाऱ्या पोलिसांपैकी काहींच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती, काहींच्या हाती नुसती लाठी. त्यांचे धैर्य कमी नव्हते. पण हत्याराचा निर्णय त्या रात्री घ्यायचा नसतो. तो कित्येक वर्षे आधी, कागदावर घ्यायचा असतो.

तर निर्णय घ्यायचा कसा? क्रमाने चार प्रश्न विचारावे. पहिला, काम कोणते? पहारा, शिकार-संरक्षण, नेमबाजीचा सराव की घनघोर लढाई? सावकाश नेम धरणाऱ्याला पाच काडतुसांची जडलेली पेटी पुरते. दुसरा, अडचण खरोखर पेटीची आहे की दुसऱ्याच भागाची? तिसरा, सुट्या पेट्या पुरेशा, एकसारख्या आणि पुढची वीस वर्षे मिळत राहतील का? एक बंदूक आणि एकच पेटी असेल तर सुटेपणाचा लाभ तो काय? चौथा, त्या वापरण्याची आणि सांभाळण्याची तालीम देता येईल का?

जाता जाता एक सूचना. ज्यांच्याजवळ परवान्याची बंदूक आहे त्यांनी हे वाचून गावच्या लोहाराकडे जाऊ नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदुकांची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्याचा धंदा परवान्यावाचून करता येत नाही. पीक राखणाऱ्याची बंदूक स्वच्छ, कोरडी आणि कुलपात असली, म्हणजे तिची निम्मी सुधारणा झाली असे समजावे.

आणि शिक्षकबंधूंनी हे चार प्रश्न बंदुकीपुरतेच ठेवू नयेत. शाळेला नवे यंत्र घ्यायचे असो की गावाला नवा पंप, मुलांना फळ्यापाशी बोलवावे आणि हेच चार प्रश्न त्यांच्याकडून सोडवून घ्यावे.