पावसाळी शबनम

खांद्याला अडकवायच्या पिशवीला ‘शबनम’ हे नाव ज्याने कोणी दिले, त्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे. शबनम हा मूळचा फारसी शब्द, अर्थ दव. पण दवाचे नाव मिरवणाऱ्या या पिशवीचे पाण्याशी मात्र मुळीच जमत नाही. सुती शबनम मृगाच्या पहिल्या सरीतच चिंब होते, आणि तिच्या पोटातल्या वह्या, मोबाइल, मुलाखतीला न्यायची प्रमाणपत्रे यांचीही तीच गत होते. शाई पसरलेल्या गुणपत्रकाची दुसरी प्रत मिळवायला किती खेटे घालावे लागतात, हे ज्याचे त्यालाच ठाऊक!

तेव्हा पावसाळ्यासाठी एक निराळी शबनम घरीच शिवावी, हे बरे. ऐन दिवाळीत पावसाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण तहान लागल्यावर विहीर खणण्यात काय अर्थ? शिवणीला लावलेले मेण किंवा डिंकासारखा लेप नीट वाळायला कोरडी हवा लागते, आणि ती याच दिवसांत मिळते.

दुकानात ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘अगदी शंभर टक्के!’ वस्तुतः या एका शब्दाआड तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. काही कापडांवरून पाणी मोत्यांसारखे ओघळते, पण सर लांबली किंवा कापड दाबले गेले की ते आत झिरपते. काही कापडांना सलग लेप असतो; त्यातून पाणी पलीकडे जातच नाही. तिसरी गोष्ट म्हणजे शिवून तयार झालेली वस्तू. कापड पक्के म्हणून पिशवी पक्की, असे नव्हे. चार्ल्स मॅकिन्टॉश या स्कॉटिश रसायनज्ञाने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर देण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. कापड उत्तम होते. पण शिंप्यांनी त्याचे कोट शिवले आणि सुईच्या भोकांतून पाणी आत येऊ लागले. आपल्याकडच्या इरल्याला ही अडचण कधी आली नाही. बांबूच्या कामट्यांवर पाने रचायची आणि पाण्याला थांबायला जागाच ठेवायची नाही, हे त्याचे साधे शास्त्र.

आता कापडांकडे वळू. छत्रीचे कापड स्वस्त आणि रंगीबेरंगी खरे, पण छत्रीत ते ताणलेले व उतरते असते म्हणून निभावते. पिशवीत तेच कापड वह्यांवर दाबले जाते आणि पाझरते. रेक्झिन पाणी अडवते. मात्र ते ताठ असते, घडीवर कालांतराने तडकते, आणि शबनमचा तो सैल झोक त्याला साधत नाही. मेण मुरवलेला कॅनव्हास दिसायला देखणा आणि टिकाऊ. पण उन्हात मेण मऊ होऊन कपड्यांना लागू शकते, आणि त्याला गरम पाणी, साबण व इस्त्री ही तिन्ही वर्ज्य. शबनमसाठी सर्वांत सोयीचे म्हणजे एका बाजूने पॉलियुरेथेनचा लेप दिलेले नायलॉन किंवा पॉलिएस्टर. ते हलके असते, सुरेख पडते आणि लवकर वाळते. लेपाची बाजू आत ठेवावी, म्हणजे ती घासली जात नाही.

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. वीतभर तुकडा आणावा, वाटीच्या तोंडावर सैल बांधून मध्ये खळगा करावा, आत टीपकागद ठेवावा आणि खळग्यात पाणी ओतावे. अर्ध्या तासाने कापड बोटाने हलकेच दाबून मग टीपकागद पाहावा. तो कोरडा असेल तर खुशाल दोन मीटर घ्या. तुकडा चुरगाळून हीच परीक्षा पुन्हा केली, तर लेपाचा टिकाऊपणाही कळतो.

शिवताना टाचण्या टोचू नयेत, कपड्यांचे चिमटे लावावेत. लेपावर चुकीची शिवण उसवली तरी भोके कायमची राहतात. टाका थोडा मोठा आणि दोरा पॉलिएस्टरचा असावा. तळाला जोड नको; एकच लांब पट्टा मधोमध दुमडला की तळ आपोआप बिनशिवणीचा होतो. बाजूच्या शिवणींना आतून लेप द्यावा.

एवढे करूनही दोन चोरवाटा उरतात. पहिली उघड्या तोंडाची. तिथे चार बोटे खाली येणारी झडप हवी. दुसरी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती खांद्याच्या पट्ट्याची. सुती पट्टा दिव्याच्या वातीसारखा पाणी ओढतो आणि ते थेंबाथेंबाने पिशवीत पोचवतो. म्हणून पट्टा नायलॉनच्या नवारीचा घ्यावा आणि तो पिशवीला बाहेरून, झडपेच्या आडोशाला जोडावा.

मग शबनमची शोभा कुठे राहिली, अशी हळहळ शौकीन मंडळींना वाटेल. त्यावरही तोड आहे. झडपेच्या कडेला खणाची नाजूक पट्टी शिवण्याऐवजी चिकटवून लावा. ती भिजली तरी घटकाभरात वाळेल, आणि आतली प्रमाणपत्रे मात्र मुलाखतीच्या मेजावर कोरडी ठणठणीत उतरतील.