जनरेटरवर किती ओझे टाकावे?



लोधीखेडा-सौंसर भागात संत्र्याच्या बागेला पाणी द्यायच्या वेळीच वीज जाते आणि लहान जनरेटर बाहेर निघतो. गाडी भरताना आपण आधी बैलांचे बळ पाहतो. जनरेटरचेही तसेच आहे.

२ केव्हीएचा जनरेटर साधारण १६०० वॉट देतो. सतत १२०० वॉटच वापरावे, असे आम्ही सुचवतो. पंखा ७५, एलईडी बल्ब ९, अशी बेरीज आधी वहीत मांडावी.

फसगत होते ती मोटरीत. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पण तेवढे काम करायला मोटर हजार वॉटच्या आसपास वीज घेते आणि सुरू होताना क्षणभर तीन ते सहा पट ओढते. एवढा जनरेटर तिला उचलेलच असे नाही. व्होल्टेज पडले की मोटर गुरगुरते, तापते व जळते. जनरेटर पुरेसा असला तरी मोटर आधी एकटी सुरू करावी. तिने वेग धरल्यावर बाकीचे जोडावे.

जनरेटरची वायर घरच्या प्लगमध्ये कधीही खुपसू नये. ती वीज मागे ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन ११,००० व्होल्टची होऊ शकते आणि खांबावरचा लाइनमन प्राणास मुकतो. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

इंजिन उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

बेरजेला दोन मिनिटे लागतात. तेवढी अवश्य द्यावी.