जलशाची गर्दी आणि प्रायोजक

ठाणे जिल्ह्यांतील नेरूळ येथें, डी. वाय. पाटील क्रीडांगणावर, जानेवारी २०२५ मध्यें ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे तीन जलसे झाले. कल्याण-डोंबिवलीचीं मुलें ठाण्यास गाडी बदलून अशा जलशांस जातात आणि घरचीं माणसें घड्याळाकडे पाहत बसतात. ती काळजी अनाठायीं नाहीं.

गर्दींत माणूस तुडविला जाऊनच मरतो, ही समजूत अपुरी आहे. एका चौरस मीटरांत ४ माणसें असतां हालचाल करतां येते. ६-७ झालीं कीं समूह पाण्यासारखा हेलकावे खातो, छाती दबते आणि उभ्या माणसाचा श्वास कोंडतो. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें नोव्हेंबर २०२१ च्या जलशांत १० जीव असेच गेले. पुढची घुसमट मागच्यास दिसत नाहीं. म्हणून मैदानाचे भाग पाडून प्रत्येक भागांतील माणसें मोजावीं लागतात, आणि वेळप्रसंगीं गाणें थांबविण्याचा अधिकार कोणा एकाच्या हातीं असावा लागतो.

येथें प्रायोजकाचा संबंध येतो. कमानीवर आपलें नांव झळकावें म्हणून तो पैसा देतो. तो देण्यापूर्वींच बाहेर पडण्याच्या वाटा किती, पहारेकरी किती, हें त्यानें विचारिलें, तर आयोजकास ऐकावेंच लागेल. कमानीवर ज्याचें नांव, त्याच्यावर तिच्याखालून जाणाऱ्या मुलांचाही भार आहे.